कोर्सेरावरचा ‘रायटिंग इन द सायन्सेस’ : पीएचडीवाल्यांनी पहिला पेपर लिहायच्या आधी करावाच असा कोर्स

पीएचडीत लॅबचं काम शिकवायला सीनिअर असतात, मशीन चालवायला टेक्निशियन असतो, स्टॅटिस्टिक्सला कोर्सवर्क असतं, पण लिहायचं कसं हे मात्र कोणीच बसून शिकवत नाही. ते आपोआप येईल असं सगळ्यांनीच धरलेलं असतं. मग सिनॉप्सिस (संशोधनाचा थोडक्यात आराखडा) द्यायची वेळ आली की मागच्या बॅचच्या कोणाचा तरी सिनॉप्सिस समोर उघडायचा आणि त्याच साच्यात आपलं ओतायचं, थीसिसला पण तेच, पेपरला पण तेच, आणि असं करत करत वीस वर्षांपूर्वी कोणीतरी लिहिलेली जड जड वाक्यं आजही जशीच्या तशी फिरतायत. त्यात गाईड बिझी, ड्राफ्ट परत येतो तो ‘इम्प्रूव्ह द लँग्वेज’ एवढ्या एका शेऱ्यासकट. आता इम्प्रूव्ह म्हणजे नक्की काय करायचं हे त्या शेऱ्यात कुठंच नसतं.

माझा विषय मृदाशास्त्र, काळ्या जमिनीतलं झिंक आणि रब्बी ज्वारी. हा कोर्स मी पूर्ण केला, नंतर लॅबमधल्या ज्युनिअर्सना बसवून त्यातले निवडक व्हिडिओ दाखवले, त्यामुळे जरा सविस्तर लिहितेय. लांब होईल, पण ज्यांना गरज आहे ते वाचतीलच.

कोर्स अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटीचा आहे, कोर्सेरा या ऑनलाइन कोर्सेसच्या साइटवर, शिकवतात क्रिस्टिन सैनानी. २०१२ पासून ऑनलाइन आहे, म्हणजे ऑनलाइन कोर्सेसची लाट नुकतीच सुरू झाली होती तेव्हापासूनचा. मॅडम मूळच्या एपिडेमिऑलॉजी (रोगांच्या प्रसाराचा अभ्यास) आणि स्टॅटिस्टिक्सवाल्या, शिवाय सामान्य वाचकांसाठी विज्ञान आणि आरोग्यावर लिहिणाऱ्या, आणि हे दोन्ही एकत्र असल्याचा फायदा पदोपदी जाणवतो. (स्पोर्ट्स सायन्समध्ये मॅग्निट्यूड बेस्ड इन्फरन्स नावाची स्टॅटिस्टिक्सची एक पद्धत बऱ्यापैकी वापरली जायची, तिच्यात गणिती गोची कुठे आहे ते दाखवणारा त्यांचा २०१८ चा पेपर जरूर वाचा, गुंतागुंतीचं स्टॅटिस्टिक्स किती सरळ भाषेत मांडता येतं त्याचा नमुनाच आहे.) एकूण आठ मॉड्यूल. पहिली चार वाक्य, परिच्छेद आणि लिहिण्याच्या प्रोसेसवर, पाचवं रिसर्च पेपरचा एकेक भाग कसा लिहायचा यावर, आणि पुढची तीन प्लॅजिअरिझम (दुसऱ्याचं लिखाण आपलं म्हणून खपवणं), ऑथरशिप, पीअर रिव्ह्यू (त्याच विषयातल्या तज्ज्ञांनी पेपर तपासणं), ग्रँट, रेकमेंडेशन लेटर, सामान्य लोकांसाठी लिहिणं वगैरे वगैरे. व्हिडिओ छोटे छोटे आहेत, इंग्रजी सोपं, सबटायटल्स आहेत, स्पीड कमी करून बघितलं तर मराठी मीडियमच्या मुलांनासुद्धा काही अडत नाही.

खरं सोनं पहिल्या दोन मॉड्यूलमध्ये आहे. तिथे मॅडम एकच गोष्ट शिकवतात, कापा. जो शब्द काढून टाकला तरी अर्थ बदलत नाही तो काढून टाका. ऐकायला एकदम साधं वाटतं आणि आपण म्हणतो हो माहितीये की, पण त्या नुसतं सांगून सोडत नाहीत, छापून आलेल्या पेपरमधलं वाक्य स्क्रीनवर घेतात आणि आपल्यासमोर एकेक शब्द खोडत जातात, हा का काढला, तो का ठेवला, इथे क्रियापद कुठे दडलंय, ते बाहेर कसं काढायचं. पूर्ण परिच्छेदाचं असं लाइव्ह एडिटिंग असलेले वेगळे व्हिडिओ पण आहेत. ते बघताना मी दरवेळी पॉज करून आधी स्वतः एडिट करायचे आणि मग पुढे बघायचे, तुम्हीही तसंच करा, नाहीतर नुसतं बघून मान डोलावली जाते आणि हातात काहीच येत नाही.

एक प्रत्यक्ष उदाहरण देते. आमच्या लॅबमधल्या एका ज्युनिअरच्या ड्राफ्टमधलं वाक्य आहे, त्याला विचारूनच टाकतेय. ‘इट वॉज ऑब्झर्व्ह्ड फ्रॉम द रिझल्ट्स ऑफ द प्रेझेंट इन्व्हेस्टिगेशन दॅट देअर वॉज अ सिग्निफिकंट इन्क्रीज इन द अपटेक ऑफ झिंक बाय द प्लांट्स ड्यू टू द ॲप्लिकेशन ऑफ झिंक सल्फेट.’ मोजा, ३१ शब्द. असली वाक्यं आपल्याकडच्या कुठल्याही थीसिसचं कुठलंही पान उघडा, सापडतात. आता कोर्समधले नियम लावू. रिझल्ट्समध्ये लिहितोय म्हणजे ऑब्झर्व्ह केलंय आणि याच अभ्यासात केलंय हे उघडच आहे, तो अख्खा पहिला तुकडा गेला. ‘देअर वॉज’ गेलं. ‘इन्क्रीज’ हे खरं क्रियापद, त्याला नाम करून कोपऱ्यात बसवलंय, त्याला परत क्रियापद केलं. झिंक घेणार ते झाडंच, दुसरं कोण घेणार, ‘बाय द प्लांट्स’ गेलं. उरलं काय, ‘झिंक सल्फेट इन्क्रीज्ड झिंक अपटेक’, ५ शब्द. आणि मग जागा मोकळी झाल्यावर लक्षात येतं की अरे, किती वाढलं, कुठल्या डोसला वाढलं, कंट्रोलच्या तुलनेत वाढलं का, हे तर यात नव्हतंच! ३१ शब्दांच्या गर्दीत आकडाच नाही हे आधी कोणाला दिसलंच नव्हतं. मला या कोर्सचं मोल वाटतं ते इथे. भाषा सुधारते ते आहेच, पण कचरा काढला की विज्ञानातलं भोक दिसतं, आणि ते रिव्ह्यूअरला दिसायच्या आधी आपल्याला दिसलेलं केव्हाही बरं.

पॅसिव्ह व्हॉइसवर आपल्याकडे फार गैरसमज आहेत. ‘वी’ लिहिलं की सायंटिफिक वाटत नाही असं किती जणांना शिकवलं गेलंय. कोर्समध्ये याची व्यवस्थित फोड केलीय. ॲक्टिव्हमध्ये लिहा, ‘वी मेजर्ड’ म्हणायला काही हरकत नाही, उलट कोणी काय केलं ते स्पष्ट होतं आणि जबाबदारीही घेतली जाते. पण मटेरियल्स अँड मेथड्समध्ये पॅसिव्ह चालतो, कारण तिथे कोणी केलं यापेक्षा काय केलं ते महत्त्वाचं असतं, सॉइल सॅम्पल कोणी वाळवला याच्याशी वाचणाऱ्याला देणंघेणं नसतं. आता तुमच्या युनिव्हर्सिटीच्या थीसिस फॉरमॅटमध्ये ‘वी’ चालत नसेल तर थीसिसपुरतं ऐका, वाद घालत बसू नका, पण पेपर लिहिताना जर्नलचे अलीकडचे दोनचार अंक उघडून बघा, बहुतेक ठिकाणी ‘वी’ बिनधास्त वापरलेलं दिसेल.

आता जो मुद्दा मला सगळ्यात जास्त महत्त्वाचा वाटतो आणि ज्यासाठी मी हे लिहायला बसले तो सांगते. कोर्समध्ये एक नियम आहे की महत्त्वाचा शब्द परत परत तोच वापरा, उगाच समानार्थी शब्द शोधू नका. शाळेत आपल्याला बरोबर याच्या उलट शिकवलेलं असतं, निबंधात तोच शब्द परत आला की मार्क जायचे. आणि पीएचडीत त्याच्यावर कडी म्हणजे सिमिलॅरिटी रिपोर्ट, आपलं लिखाण आधीच्या मजकुराशी किती टक्के जुळतं ते सॉफ्टवेअरने काढलेलं. यूजीसीचे २०१८ चे नियम आहेत, १० टक्क्यांपर्यंत सिमिलॅरिटी असेल तर काही कारवाई नाही, १० ते ४० मध्ये आलात तर जास्तीत जास्त ६ महिन्यांच्या आत सुधारून परत द्यायचं, ४० ते ६० ला एक वर्षभर सुधारित थीसिस देताच येत नाही, आणि ६० च्या वर गेलात तर रजिस्ट्रेशनच रद्द. आता एवढी टांगती तलवार असल्यावर मुलं काय करतात, तर दुसऱ्याचा परिच्छेद घेतात आणि एकेक शब्द बदलत बसतात. ‘झिंक डेफिशियन्सी’चं पुढच्या ओळीत ‘झिंक इनॲडिक्वसी’ होतं, त्याच्या पुढे ‘झिंक पॉव्हर्टी’. ‘यील्ड’चं ‘आउटपुट’ होतं. सगळ्यात भयानक म्हणजे ‘सिग्निफिकंट’ काढून ‘इम्पॉर्टंट’ टाकतात, म्हणजे स्टॅटिस्टिकल टेस्टचा अर्थच गेला. आकडा खाली येतो, पण वाचणाऱ्याला वाटतं या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत की काय. आणि एवढं करून ती चोरी ती चोरीच राहते, कारण विचार आणि वाक्याचा सांगाडा दुसऱ्याचाच असतो, हे सहाव्या मॉड्यूलमध्ये मॅडमनी व्यवस्थित समजावलंय.

त्यावरचा उपाय पण तिथेच आहे. मूळ पेपर वाचा, मुद्दा समजून घ्या, आपल्या शब्दांत नोट्स काढा आणि लिहिताना तो पेपर बंद करून फक्त नोट्सवरून लिहा. हे करून बघा, सिमिलॅरिटी आपोआप खाली येते आणि टेक्निकल शब्द बदलायची गरजच पडत नाही. तसंही यूजीसीच्याच नियमांत रेफरन्स लिस्ट, अनुक्रमणिका, अवतरण चिन्हांत श्रेय देऊन घेतलेला मजकूर, ठरलेल्या संज्ञा, चिन्हं हे सगळं मोजणीतून वगळलेलं आहे, सर्वसामान्य माहितीतले सलग १४ शब्दांपर्यंतचे तुकडे पण वगळलेत. त्यामुळे ‘डीटीपीए एक्स्ट्रॅक्टेबल झिंक’ला (डीटीपीए हे रसायन वापरून मातीतून काढून मोजलेलं झिंक) दुसरं नाव शोधायची काहीएक गरज नाही. कृपा करून शोधू नका.

चौथं मॉड्यूल बरेच जण स्किप करतात असं मला दिसलंय, करू नका. त्यात लिहिण्याच्या वेळेची वाटणी सांगितलीय, साधारण ७० टक्के वेळ लिहायच्या आधीच्या तयारीत, १० टक्के पहिल्या ड्राफ्टला, आणि २० टक्के सुधारण्यात. आपल्याकडे काय होतं, कोरी वर्ड फाइल उघडायची, पहिल्या वाक्यावर दोन तास घालवायचे, मग रेफरन्स शोधायला गुगल स्कॉलरवर जायचं आणि संध्याकाळ झाली की अर्ध पान. मॅडमचं म्हणणं आधी माहिती गोळा करून तिचे ढीग लावा, कुठल्या परिच्छेदात काय जाणार ते ठरवा, रेफरन्स त्या त्या मुद्द्याच्या खाली आधीच टाकून ठेवा, मग ड्राफ्ट एका दमात लिहा आणि तो वाईट आला तरी थांबू नका. आमच्या लॅबमध्ये आता पेपर सुरू करायच्या आधी सगळेजण असा रोडमॅप करतात, एक दोन पानांचाच, आणि गाईडला आधी तोच दाखवतात. गाईडला पण सोयीचं पडतं, तीस पानं वाचून ‘इम्प्रूव्ह’ लिहिण्यापेक्षा दोन पानं वाचून ‘हा मुद्दा इथे नको’ सांगणं सोपं असतं.

पेपरचे भाग लिहायचा क्रम पण असाच डोळे उघडणारा. आधी टेबल आणि फिगर, मग रिझल्ट्स, मग मेथड्स, त्यानंतर इंट्रोडक्शन, डिस्कशन आणि शेवटी ॲबस्ट्रॅक्ट. इंट्रोडक्शनचा साचा पण तीनच पायऱ्यांचा, काय माहीत आहे, काय माहीत नाही, आणि मग आमचा प्रश्न काय आणि तो कसा सोडवला. आपल्या ॲग्रीच्या थीसिसमध्ये इंट्रोडक्शन सुरू कुठून होतं तर भारत कृषिप्रधान देश आहे इथून, मग लोकसंख्या, मग हरितक्रांती, मग ज्वारीचं महत्त्व, आणि झिंक येतं ते चौथ्या पानावर. या साच्यात बसवलं तर माझं इंट्रोडक्शन असं झालं : चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत पीएच जास्त असतो म्हणून झिंक जमिनीत असलं तरी पिकाला मिळत नाही, डीटीपीए टेस्टमध्ये किलोला ०.६ मिलिग्रॅमच्या खाली आलं की कमतरता समजतात, हे झालं माहीत असलेलं. रब्बी ज्वारी साठलेल्या ओलाव्यावर येते, वरचा थर सुकत गेला की तिथलं झिंक मुळांना किती काळ मिळतं हे आमच्या भागात नीट मोजलेलं नाही, हे झालं माहीत नसलेलं. म्हणून आम्ही जमिनीतून आणि फवारणीतून दिलेलं झिंक अमुक अमुक अवस्थेत मोजलं. संपलं. एक पान सुद्धा लागलं नाही आणि वाचणाऱ्याला पहिल्या मिनिटात कळतं आपण काय करतोय.

आता उणं काय ते पण सांगते. उदाहरणं बहुतेक सगळी मेडिकल आणि बायोलॉजीची आहेत. कॅन्सर, क्लिनिकल ट्रायल, जीन्स. इंजिनिअरिंग किंवा शेतीवाल्याला ते स्वतःच्या विषयात उतरवून घ्यावं लागतं, आणि ह्युमॅनिटीजवाल्यांना तर पाचव्या मॉड्यूलचा फारसा उपयोग नाही, त्यांनी पहिली चार करावीत. दुसरं म्हणजे ज्यांची पहिली भाषा इंग्रजी नाही त्यांचं खास दुखणं असतं, ‘अ’ कुठे आणि ‘द’ कुठे, ‘इन’ की ‘ऑन’, ते या कोर्सचं कामच नाही. मराठीत ‘अ’, ‘द’ असलं काही नसल्यामुळे आपलं तिथे हटकून चुकतं, त्यासाठी चांगलं ग्रामरचं पुस्तक वेगळं घ्यावंच लागेल. तिसरं, प्रकाशन आणि नैतिकतेचा भाग अमेरिकेतल्या व्यवस्थेला धरून आहे. आपल्याकडचे प्रश्न वेगळे, पेपरच्या बदल्यात पैसे मागणारी बोगस जर्नल्स, आणि त्यात यूजीसीने केअर लिस्ट (मान्य जर्नल्सची यादी) बंद केल्यापासून जर्नल पारखायची जबाबदारी पुष्कळशी आपल्यावर आणि आपल्या युनिव्हर्सिटीवर आलीय. जर्नल बघताना एडिटोरियल बोर्डवरची माणसं खरी आहेत का, त्यांच्या स्वतःच्या संस्थेच्या पेजवर त्यांनी त्या जर्नलचं नाव दिलंय का, स्कोपसमध्ये (जर्नल्स आणि पेपर्सचा एक मोठा डेटाबेस) आहे म्हणतात तर स्कोपसच्या साइटवर जाऊन आपण स्वतः शोधलं का, एवढं तरी करा. मेलवर ‘डिअर एमिनंट रिसर्चर’ म्हणून आमंत्रण आलं आणि चार दिवसांत ॲक्सेप्टन्स देतो म्हणाले की तिथेच थांबा, पीअर रिव्ह्यू चार दिवसांत होत नसतो.

या भारतीय बाजूसाठी स्वयम या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरचा गढवाल विद्यापीठाचा अकॅडमिक रायटिंग हा कोर्स जोडीला घ्या, डॉ. अजय सेमल्टी यांचा. त्यात प्लॅजिअरिझमची सॉफ्टवेअर, रेफरन्स मॅनेजमेंट, जर्नल निवडणं असे आपल्या रोजच्या कामाचे विषय आहेत. पण वाक्य कसं घडवायचं यासाठी मात्र सैनानी मॅडमच. दोन्हींची कामं वेगळी आहेत, एकाच्या जागी दुसरा चालणार नाही.

चॅटजीपीटी असताना कोर्स कशाला असं मला दोघातिघांनी विचारलं. माझं स्पष्ट मत आहे, आता तर जास्तच गरज आहे. त्याला ३१ शब्दांचं ते वाक्य द्या, तो गुळगुळीत करून देईल, ग्रामर चकाचक, पण आकडा गायब आहे हे तुमच्याच लक्षात आलं पाहिजे. कधी ‘असोसिएटेड’चं ‘कॉज्ड’ करून ठेवतो आणि तुमचा दावाच बदलतो, वाचताना ते पटकन खटकतसुद्धा नाही कारण वाक्य छान वाटतं. एडिटिंगची नजर नसेल तर त्याने दिलेलं बरोबर की चूक हे ठरवणार कोण? शिवाय मेडिकल जर्नल्सच्या संपादकांची जी आयसीएमजेई समिती आहे तिने २०२३ मध्येच सांगितलंय की एआय लेखक होऊ शकत नाही, वापरला असेल तर तसं लिहा आणि मजकुराची जबाबदारी माणसांचीच. इतर विषयांची जर्नल्स पण हेच म्हणतायत, सबमिट करायच्या आधी त्या त्या जर्नलचं पॉलिसी पेज वाचून घ्या.

गाईड मंडळींपैकी कोणी वाचत असेल तर एक विनंती. पहिल्या मॉड्यूलचे व्हिडिओ कोर्सवर्कमध्ये एका दुपारी सगळ्या मुलांना एकत्र दाखवा आणि प्रत्येकाला स्वतःच्या सिनॉप्सिसचा एक परिच्छेद घेऊन बसवा, नंतर ते एकमेकांना बदलून तपासायला द्या. दुसऱ्याच्या लिखाणातला कचरा पटकन दिसतो, आणि एकदा दिसायला लागला की आपल्यातला पण दिसतो. आमच्याकडे हे केल्यापासून ज्युनिअर्सचे ड्राफ्ट पहिल्या वाचनातच समजायला लागलेत, आणि चर्चा भाषेवरून हलून रिझल्ट्सवर आलीय.

वेळ अगदीच कमी असेल, म्हणजे सबमिशन डोक्यावर आहे वगैरे, तर पहिली दोन मॉड्यूल आणि पाचव्यातले रिझल्ट्स आणि इंट्रोडक्शनचे व्हिडिओ एवढं बघा. ग्रँट आणि रेकमेंडेशन लेटरचा भाग पोस्टडॉकचे (पीएचडीनंतरच्या संशोधनाचे) अर्ज करताना बघितला तरी चालेल. असाइनमेंटमध्ये आपलं लिखाण दुसरे विद्यार्थी तपासतात आणि आपण त्यांचं, ते तपासणं टाळू नका, सगळ्यात जास्त मी त्यातच शिकले. पैशांचं म्हणाल तर फुकटात किती बघता येतं आणि सर्टिफिकेटला काय पडतं हे कोर्सेरा अधूनमधून बदलत असतं, एनरोल करतानाच्या पानावर नीट वाचा. फेलोशिप अडकलेली असेल किंवा परवडत नसेल तर कोर्सेराची फायनान्शियल एडची सोय आहे, त्यात कोर्स का करायचाय ते थोडक्यात लिहून द्यावं लागतं आणि मंजुरीला साधारण दोन आठवडे जातात, तेव्हा सबमिशनच्या महिन्यात धावपळ करण्यापेक्षा आजच अर्ज टाकून ठेवा.